साडूचा हात आणि साडूचं तोंड

माझ्या साडूला कुणीही काहीही करायला सांगितलं, तर ते कसं चूक आहे हे, सांगणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याच्या लक्षात येतं. मी पुण्याचा असल्यामुळे मला अशा माणसांचं अप्रूप नाही. साडूची अडचण अशी की बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. नुसता हेकट माणूस कुठेही खपून जातो, बढतीसुद्धा मिळवतो. हेकट आणि वर बरोबर, अशा माणसाला नोकरीवर कोण ठेवील? अमेरिकेतल्या निरनिराळ्या संघांनी त्याला आळीपाळीने ठेवून पाहिलं आणि आळीपाळीने काढून टाकलं. प्रत्येकाने काढताना एकच सांगितलं म्हणे, की हात सोन्याचा आहे, पण तोंड आवरा.

साडू अमेरिकन आहे आणि धंद्याने क्वार्टरबॅक आहे, हे आधी सांगायला हवं होतं. अमेरिकन फुटबॉल नावाचा जो खेळ आहे तो हाताने खेळतात. चेंडू गोल नसतो, सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता असतो. चिलखतं घातलेली आडदांड माणसं एकमेकांना आडवं करत असतात आणि त्यांच्यामागे एक जण उभा असतो. आपण आडवे व्हायच्या आत कुणाकडे चेंडू फेकायचा हे त्याने ठरवायचं आणि लांबवर अचूक फेकायचा. हा क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी कुठे पळायचं हे प्रत्येक खेळीआधी त्याने सांगायचं, आणि त्याने काय सांगायचं हे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या कोचने ठरवायचं. या शेवटच्या अटीत माझ्या साडूचं सगळं आयुष्य अडकलं.

हे सगळं मी एकदा अण्णांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, समजावून सांगत होतो. अण्णांनी अख्खी नोकरी एका बँकेत काढली, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबाने पाठीवर थाप मारली ती ते अजून सांगतात. ते म्हणाले, "हाताने खेळतात तर फुटबॉल का म्हणतात?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग धाकट्या जावयांना विचारा." धाकट्या जावयांना विचारलं. धाकटे जावई म्हणाले, "नाव चूकच आहे." अण्णांचं त्याच्याविषयी पहिल्यांदा जरा बरं मत झालं ते त्या दिवशी.

त्याच्या कारकिर्दीची हकिगत मी त्याच्याच तोंडून ऐकली आहे आणि तो खोटं बोलत नाही, हा त्याचा आणखी एक दुर्गुण. पहिल्या संघात कोचने सांगितलं की आपण जिंकतोय, आता उगाच फेकाफेकी करू नकोस, वेळ काढ. याला एक माणूस मोकळा दिसला. याने फेकला, सामना आणखी मोठ्या फरकाने जिंकला आणि नंतर वार्ताहरांनी विचारलं तेव्हा म्हणाला की कोचला डुलकी लागली असावी. दुसऱ्या संघात कोच फळ्यावर डावपेच काढून भाषण देत होता, तेव्हा हा उठला आणि फळ्यावरचा एक बाण पुसून दुसरीकडे काढून आला. बाण बरोबर होता. तिसऱ्या संघात शिरताना त्याने मनाशी ठरवलं की तोंड उघडायचंच नाही, आणि खरोखर उघडलं नाही; पण कोचची सूचना ऐकून मान मात्र नकारार्थी हलवली, तीही टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. मग तो युरोपात गेला. तिथल्या कोचला फक्त जर्मन येत असे, त्यामुळे ती नोकरी सर्वांत जास्त टिकली. पुढे कोच इंग्रजी शिकला.

अधूनमधून त्याचं हाड मोडत असे. गळपट्टीचं हाड मोडलं तेव्हा तो ज्या दवाखान्यात गेला तिथे माझी मेहुणी वैशाली फिजिओथेरपिस्ट होती. तिने सांगितलं, हात इथपर्यंत वर न्या. तो म्हणाला, हा व्यायाम चुकीचा आहे. ती म्हणाली, "चूक तुझी आहे. ने वर." त्याने नेला, आणि हात बरा झाला. आपल्याला चूक म्हणणारी आणि वर बरोबर निघणारी बाई त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती, आणि अशी संधी पुन्हा येणार नाही हे त्याच्या ताबडतोब लक्षात आलं. माझ्या बायकोचं म्हणणं की आमच्या माहेरच्या सगळ्याच बायका तशा आहेत.

पुढे वैशालीला न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आम्ही तिथे आधीपासून होतो. मी दुधाच्या पावडरीवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत इंजिनिअर आहे. ती नवरा आणि चिमुरडी तारा यांना घेऊन आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. येताना तिने नवऱ्याशी एक करार केला होता. इथे मूल पाच वर्षांचं झालं की त्याच्या वाढदिवसालाच शाळेत जायला लागतं, शाळा उघडायची वाट बघत नाहीत. तारा पाच वर्षांची होईपर्यंत अमेरिकेतून एखाद्या संघाचं बोलावणं आलं तर वैशाली सगळं सोडून मुलीला घेऊन त्याच्याबरोबर जाईल. ताराने शाळेत पाऊल ठेवलं की विषय संपला. मग इथेच राहायचं आणि चारचौघांसारखी नोकरी बघायची. साडूने हे मान्य केलं. त्याला आणखी एकदा खेळायचं होतं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि तारा सव्वाचार वर्षांची झाली होती.

पामर्स्टन नॉर्थमध्ये त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. इथे रग्बी हा धर्म आहे. शेजारच्या म्हाताऱ्याला त्याने आपला खेळ सांगितला तेव्हा म्हातारा म्हणाला, "चिलखत घालून खेळता? बरं बरं. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, छान आहे. त्यानंतर तो साडूशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलू लागला. साडूने एका लाकडाच्या वखारीत काम धरलं आणि तिथल्या मॅनेजरला फळ्या कशा रचाव्यात ते पहिल्याच सकाळी सांगितलं. मॅनेजर किवी असल्याने म्हणाला, ओके, तसं कर. साडू दोन दिवस अस्वस्थ होता. वाद न घालता ऐकणारा वरिष्ठ त्याने बघितला नव्हता.

त्याचं मराठी सगळं वैशालीकडून उचललेलं. त्यामुळे ती मला भाऊजी म्हणते तसा तोही मला भाऊजी म्हणतो, माझ्या बायकोला ताई म्हणतो. माझं खरं नाव त्याला माहीत आहे की नाही याची मला शंका आहे, कारण ऑफिसात फोन करूनही तो भाऊजींना बोलवा म्हणतो आणि आता ऑफिसातले गोरे लोकही मला 'बाउजी' म्हणतात. घरात तो कुणालाही कुठलीही वस्तू हातात देत नाही. मीठ मागितलं की मिठाची बरणी हवेतून येते. लिंबू, कांदे, किल्ल्या, ताराची जांडल्स, म्हणजे इकडच्या रबरी सपाता, सगळं हवेतून. वस्तू कधी पडत नाही, कारण तुम्ही हात पुढे करायच्या आत ती हातात येऊन बसलेली असते. गणपतीच्या वेळी मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये गुरुजींनी नारळ मागितला, आणि नारळ हॉलच्या दुसऱ्या टोकावरून सगळ्यांच्या डोक्यांवरून स्वतःभोवती गरगर फिरत गुरुजींच्या ओंजळीत आला. गुरुजी म्हणाले, "असं करू नये," आणि थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरा पण द्या."

रोज सकाळी त्याला सराव लागे आणि सरावाला चेंडू झेलणारा लागे. तो मान माझ्याकडे आला. मी चष्मेवाला, गुडघे कुरकुरणारा माणूस. मानावटू नदीकाठच्या मैदानावर धापा टाकत पळायचो. इथला वारा म्हणजे वाराच. डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. साडू एक मूठ गवत उडवून वारा बघायचा, मला म्हणायचा, "भाऊजी, त्या झाडाकडे पळा, मागे बघू नका." मी पळायचो, आणि मागे न बघता हात वर केले की वाऱ्यातून वळत आलेला चेंडू माझ्या हातात. तुम्हाला खरं सांगतो, मला आयुष्यात कुणी इतकं कर्तबगार वाटू दिलेलं नाही. घरी येऊन मी बायकोला सांगायचो की आज मी एकही सोडला नाही. ती म्हणायची, "अहो, तो फेकतोय म्हणून."

असं चाललं असताना अमेरिकेतल्या एका संघाचे क्वार्टरबॅक लागोपाठ जायबंदी झाले आणि तिथल्या कुणाला तरी आमच्या साडूची आठवण झाली. त्यांनी कळवलं, आता कसा फेकतोस त्याची व्हिडिओ टेप पाठव. तारा पाच वर्षांची व्हायला तीन महिने राहिले होते. टेपसाठी एकटे भाऊजी पुरणार नव्हते, खेळाडू हवे होते. म्हणून महाराष्ट्र मंडळातले धडधाकट पुरुष गोळा केले. धडधाकट म्हणजे संगणकवाला देशपांडे, हॉस्पिटलातले पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर कांबळे, आणि ज्यांना बायकांनी जा म्हटलं असे आणखी काही.

खेळीआधी सगळ्यांनी कोंडाळं करून क्वार्टरबॅकचं ऐकायचं अशी पद्धत आहे. साडूने कोंडाळ्यात सांगितलं, देशपांडे सरळ जाईल आणि उजवीकडे वळेल. देशपांडे म्हणाला, "उजवीकडेच का?" डॉक्टर कांबळे म्हणाले की तत्त्वतः त्यांचा उजवीकडे वळायला विरोध नाही, पण वारा बघता डावीकडचाही विचार व्हावा. कुणीतरी म्हणालं, आधी चहा घेऊया. अर्ध्या तासाने साडू माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, माझे कोच चांगले लोक होते."

मग एकदाचं फेकणं सुरू झालं आणि खरी पंचाईत झाली. या खेळात चेंडू झेलला की छातीशी धरून पुढे पळत सुटायचं असतं. पण आमची सगळी पलटण क्रिकेटवर वाढलेली. डॉक्टर कांबळे युनिव्हर्सिटीत स्लिपला उभे राहायचे. साडूने वाऱ्याला कापत लांबलचक चेंडू फेकला, डॉक्टरांनी अंग झोकून एका हातात असा झेलला की बघत राहावं, आणि लगेच चेंडू आभाळात उडवून एक बोट वर करून कॅमेऱ्याच्या दिशेने धावत आले. साडूने समजावलं. डॉक्टर म्हणाले, "समजलं, सॉरी." पुढच्या खेपेला पुन्हा बोट वर. देशपांडेचं तर विचारू नका. तो झेल घेऊन गर्रकन वळायचा आणि जिथे यष्ट्या असायला हव्या होत्या तिथे चेंडू दणकून मारायचा. तिथे माझी बायको कॅमेरा घेऊन उभी होती. दिवसभर समजावूनही हाताची सवय जाईना. तारा बाजूला बसून म्हणाली, "दे आर नॉट लिसनिंग, डॅडी." शेवटी साडूने होती तशीच टेप पाठवली.

पंधरा दिवसांनी फोन आला. तो अण्णांनी घेतला. ते त्या वर्षी इकडे आले होते. पलीकडचा माणूस कुठल्या संघाचा कोण ते सांगत असताना अण्णा बँकेतल्या इंग्रजीत म्हणाले की जावई स्नानगृहात आहेत, कृपया धरून ठेवा, आणि आपला शुभ हेतू काय? साडू ओल्या अंगाने धावत आला. त्या माणसाने सांगितलं की हात अजून तसाच आहे, आठवड्याभरात चाचणीला ये. मग जरा घुटमळून त्याने विचारलं की ती माणसं प्रत्येक झेलानंतर थांबून आकाशाकडे बोट का दाखवतात? साडू म्हणाला, "त्यांची श्रद्धा आहे." तो माणूस आदराने बरं म्हणाला.

त्या आठवड्यात आमच्या घरात एकच विषय होता. हाताची काळजी कुणालाच नव्हती, सगळ्यांना तोंडाची होती. कोच काहीही म्हणाला तरी गप्प बसायचं, हे त्याला मी सांगितलं, माझ्या बायकोने सांगितलं, डॉक्टर कांबळ्यांनी सांगितलं, आणि ज्याने जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्या देशपांडेनेही सांगितलं. अण्णांनी तर शिकवणीच लावली. ते म्हणाले, "साहेब म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर म्हणायचं, हो साहेब, आज जरा लवकरच उगवला. आयुष्यभर मी हेच केलं. काही बिघडलं का माझं?" साडू हे सगळं मान खाली घालून ऐकायचा. मग तो आरशासमोर 'येस, कोच' म्हणायचा सराव करू लागला. तारा कोच व्हायची. "सिट डाउन, डॅडी." येस, कोच. "ईट माय ब्रॉकली." येस, कोच. वैशाली मात्र काही बोलली नाही. मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "भाऊजी, मला तो असा बघवत नाही. पण त्याला खेळायचंय ना."

तो गेला आणि दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, पंख्याच्या छोट्या विमानाने परत आला. आम्ही सगळे आणायला गेलो होतो. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. जेवायला बसल्यावर त्याने सांगितलं, नेहमीसारखंच, काही न लपवता.

चाचणी उत्तम चालली होती. कोच जे सांगेल ते तो 'येस, कोच' म्हणून करत होता. शेवटच्या खेळीला कोचने सांगितलं, डावीकडे टाक. याने बघितलं तर डावीकडे आपल्या माणसाला दोघांनी घेरलेलं, आणि उजवीकडे एक जण अगदी एकटा, मोकळा पळत होता. "हात आपोआप उजवीकडे चालला होता," तो म्हणाला. "मी त्याला थांबवला." चेंडू डावीकडे, सांगितल्या जागी, तंतोतंत गेला आणि समोरच्यांनी तो पकडला. कोच चिडला नाही. शांतपणे जवळ आला आणि म्हणाला, उजवीकडचा दिसला नाही का? हा म्हणाला, दिसला होता. मग? तुम्ही डावीकडे सांगितलंत. कोचने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, "तू कुणाचं ऐकत नाहीस असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हणून तर तुला बोलावलं." आणि हात मिळवून निघून गेला.

वैशालीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. अण्णा वरणभात कालवत होते, ते कालवतच राहिले. मग ते इंग्रजीत बोलले, पण त्यात बँक नव्हती. म्हणाले, "नोकरीत असे प्रसंग आले होते, की साहेबाला नाही म्हणायला हवं होतं. मला दिसत होतं. मी एकदाही म्हटलं नाही. तुम्ही जाल तिथे म्हणालात. तुम्हाला शिकवणारा मी कोण?" मला अण्णांची फार दया आली, आणि साडूकडे बघवेना.

साडू म्हणाला, "नाही अण्णा. तुमचं चूक नव्हतं."

त्याने कुणाला असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि या एका वेळी त्याचं बरोबर नव्हतं, हे त्याच्यासकट आम्हा सगळ्यांना कळत होतं.

पुढच्याच महिन्यात तारा शाळेत गेली. तिला पोचवायला तोच गेला होता. आता तो इथल्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो, मुख्याध्यापकांना वेळापत्रक कसं चुकलंय ते सांगतो, आणि मुलं त्याच्यावर जीव टाकतात. वाईट काही झालेलं नाही. सणावाराला दोन्ही घरं एकत्र जमली की आमच्याकडे कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, सगळे एकदम बोलतात आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. कधीकधी टीव्हीवर चॅनल बदलता बदलता तिकडचा एखादा सामना लागतो. तो लगेच चॅनल बदलतो. पण त्याआधी एक खेळी बघून घेतो. तो मागे उभा असलेला माणूस काय करतो तेवढंच. तेवढा वेळ तो आमच्यात नसतो. आणि तेवढा वेळ आम्हीही कुणी काही बोलत नाही.